खाऱ्या पाण्याचा टँक: मासे नक्की कधी सोडायचे

दुकानदार म्हणाला आठवडाभर पाणी फिरू द्या आणि मग मासे न्या, तर प्लीज असं करू नका. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे टँक तयार आहे असं नसतं, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही आणि त्याने माशाचे कल्ले जळतात.

आधी पाणी. जुहू किंवा गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणायचा विचार असेल तर सोडा, आपल्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि किचनमधल्या आरओच्या पाण्यातही टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, उरतोच, म्हणून आरओच्या पुढे डीआय फिल्टर (उरलेले क्षार काढणारा) लावून टीडीएस शून्य आलेलं पाणी घ्या. त्यात मरीन सॉल्ट लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) विशिष्ट घनता 1.025 यायला पाहिजे. दगड ड्राय रॉकच, म्हणजे जिवंत काही नसलेला कोरडा दगडच घ्या. समुद्रातून काढलेले कोरल कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका, रीफ बनवणारे कोरल वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

आता खरा भाग, सायकलिंग, म्हणजे मासे यायच्या आधी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढवणं. दगडात आणि वाळूत बॅक्टेरिया बसायला हवेत, एक प्रकार अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा त्या मानाने कमी घातक नायट्रेट. त्यांना खायला म्हणून अमोनियाचा डोस द्यायचा, टेस्ट किटवर 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) येईल इतका, जिवंत मासा टाकून सायकल करणं म्हणजे त्याचा छळ आहे. सोबत बाटलीतले बॅक्टेरिया टाकले तर काम लवकर होतं, नाहीतर 4 ते 6 आठवडे धरून चाला. पहिल्यांदा अमोनिया उतरतो मग नायट्राइट चढतो आणि तो बरेच दिवस अडून बसतो, इथेच लोकांचा धीर सुटतो. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचं रीडिंगही खोटं जास्त येतं, तेव्हा त्यावर विश्वास नको. मधे तपकिरी थर चढेल, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, घाबरू नका, आपोआप जातात.

तयार झाला कसं ओळखायचं? पुन्हा 2 पीपीएम अमोनिया टाका. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच तयार. मग मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट खाली आणा.

मुंबईत अजून एक गोष्ट बघावीच लागते, ती म्हणजे गरमी. पाणी 25-26 डिग्री हवं आणि एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमध्ये ते सहज 30 च्या वर जातं. पंखा लावला की बाष्पीभवनाने थोडं उतरतं, पण आपल्याकडची हवा इतकी दमट की पावसाळ्यात त्याचा फार उपयोग होत नाही, त्यामुळे बजेटमध्ये चिलर (पाणी थंड करणारं मशीन) आधीच धरा, मासे आल्यावर नाही. आणि उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त साधं आरओ-डीआय पाणीच घाला कारण मीठ उडत नाही, खारं पाणी घालत राहिलात तर खारेपणा वाढतच जाईल.

पहिला मासा म्हणून फार्ममध्ये वाढवलेली क्लाउनफिशची छोटी जोडी बेस्ट. खाणं थोडंच द्या, पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा, जरा जरी दिसला तर खाणं थांबवून पाणी बदला, आणि पुढचा मासा 2-3 आठवडे सगळं नीट राहिलं तरच आणा.