जावा २५ वर जाण्याआधी

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या पतपेढीचं सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्ती ८ वरून २५ वर न्यायचं आहे. त्यासाठी रंगपंचमीची सुट्टी धरू नका. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघाली की त्या भागातले रस्ते बंद असतात, सर्व्हर अडकला तर तिथवर पोचणार कोण? आधीचा शनिवार-रविवार घ्या.

पहिलं काम म्हणजे जुनी पॉलिसी फाईल, म्हणजे सिक्युरिटी मॅनेजरचे नियम लिहिलेली फाईल, शोधणं. कुठल्या कोडने कुठली फाईल वाचायची, कुठल्या सर्व्हरशी बोलायचं, यावर जावाचा सिक्युरिटी मॅनेजर १९९६ पासून पहारा देत होता. २०२१ मध्ये जावा १७ ने तो काढून टाकायच्या यादीत घातला आणि मार्च २०२५ मध्ये जावा २४ ने कायमचा बंद केला. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये तो चालू करणारा पर्याय राहिला असेल तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. हे बरंच, निदान कळतं तरी. खरी भीती वेगळी आहे. ‘सिक्युरिटी मॅनेजर असेल तर तपास’ असं लिहिलेल्या जुन्या कोडला आता कायम ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. तपासणी गुपचूप गळते, लॉगमध्ये एक अक्षर येत नाही. म्हणून सगळ्या कोडमध्ये ‘SecurityManager’ हा शब्द शोधा.

मग पॉलिसीची एकेक ओळ घेऊन समोर लिहा, की हे आता कोण सांभाळणार. नेटवर्कच्या ओळी फायरवॉलकडे जातील. फाईलींचं अवघड आहे. रिपोर्ट छापणाऱ्या जारला (जावा कोडच्या गठ्ठा फाईलला) फक्त रिपोर्टच्या फोल्डरात लिहायची मुभा होती, पण ती जार खातेवहीच्याच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये) चालते आणि एका प्रोसेसमधल्या दोन जार लिनक्सला वेगळ्या दिसत नाहीत. तिला वेगळी प्रोसेस आणि वेगळा युजर द्यावाच लागेल. या कामाला सगळ्यात जास्त वेळ ठेवा.

बाहेरून येणाऱ्या सिरियलाइझ्ड डेटावर (जावाचे ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून पाठवलेल्या डेटावर) फिल्टर लावा, ठरावीक क्लास (ऑब्जेक्टचे प्रकार) सोडून बाकी सगळे नाकारा. लॉग लिहिणारी लायब्ररी लॉगफोरजे २ जुनी असेल तर बदला. तिच्यातलं डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेलं सुरक्षेचं भोक अशाच पडून राहिलेल्या जारमध्ये सापडतं. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा.

रविवारी संध्याकाळी रिपोर्टच्या युजरने लॉगइन करून खातेवहीची फाईल उघडायचा प्रयत्न करा. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आल्याशिवाय सोमवारी काउंटर उघडायला होकार देऊ नका.