तालमीतल्या पोराला जीबीएस झाला तर काय करायचं

जीबीएस म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. पोरगं रोज जोर-बैठका मारतंय आणि अचानक म्हणतंय पायात मुंग्या येत्यात, जिना चढताना गुडघा दुमडतोय, तर मेहनत जास्त झाली म्हणून मालिश करत बसू नका. दोन्ही पायांतली कमजोरी दिवसागणिक वर सरकतीय आणि आधी जुलाब नायतर सर्दी-ताप होऊन गेलाय, तर तडक न्यूरोलॉजिस्ट (मेंदू-नसांचा डॉक्टर) गाठा, आणि हॉस्पिटल व्हेंटिलेटर असलेलंच बघा कारण यात श्वासाचे स्नायूही ढिले पडू शकतात.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतील, पाय उडला नाही तर ती मोठी खूण. मग नर्व्हची टेस्ट, पाठीतलं पाणी काढून तपासणं. उपचार आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलणं, पहिल्या 2 आठवड्यांत सुरू झाला तर फायदा जास्त. नुसत्या स्टेरॉईडचा उपयोग होत नाही.

खरा त्रास घरी आल्यावर, पैलवानाला थांबवायचं कसं? आधी बसणं, मग धरून उभं राहणं, मग रंकाळ्यावर सपाट जागेत थोडं चालणं. दुसऱ्या दिवशी ताकद कमी वाटली तर काल जास्त झालं समजा आणि कमी करा. मातीत उतरायचं ते न्यूरोलॉजिस्ट आणि फिजिओ दोघं हो म्हणाल्यावरच. वस्तादांना आधीच जाऊन सांगा, म्हणजे ते लगेच जोडीला लावणार नाहीत.