इसिडोरच्या विश्वकोशाची हस्तलिखिते : नव्याने वाचू लागणाऱ्यांसाठी

सेव्हिलचा बिशप इसिडोर (मृत्यू इ.स. ६३६) याच्या ‘एटिमॉलॉजिए’ या २० भागांच्या लॅटिन विश्वकोशाच्या सुमारे एक हजार हस्तलिखित नकला आज निरनिराळ्या ग्रंथालयांत जतन केलेल्या आहेत. मध्ययुगीन हस्तलिखितांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याने याच ग्रंथापासून सुरुवात करावी, असे माझे अनुभवाअंती बनलेले मत आहे. प्राचीन रोमन लेखक सिसेरो वाचताना ज्याची दमछाक होते त्यालाही इसिडोरची आटोपशीर वाक्ये झेपतात, आणि व्याकरणापासून पशुपक्षी, जहाजे व शेतीपर्यंतचा शब्दसंग्रह आपोआप हाती येतो.

लिंडसे यांची १९११ची ऑक्सफर्ड आवृत्ती शेजारी ठेवून स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलेनच्या मठग्रंथालयातील नवव्या शतकातील प्रत (क्रमांक २३१ व २३२) वाचायला घ्यावी. तिची छायाचित्रे ‘ई-कोडिसेस’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तिची कॅरोलिंगियन लिपी (शार्लमेनच्या काळात रूढ झालेले लॅटिन अक्षरवळण) इतकी स्वच्छ आहे की अक्षरांपेक्षा संक्षेपचिन्हांकडेच लक्ष द्यावे लागते. स्वरावरची आडवी रेघ म्हणजे गाळलेला ‘म’ (m) किंवा ‘न’ (n), ‘प’च्या (p) दांडीला छेदणारी रेघ म्हणजे ‘पेर’ (per), असे कोष्टक स्वतःच्या हाताने तयार करावे, कारण छापील कोष्टक पाठ होत नाही. स्पेनमधील व्हिसिगॉथिक लिपीकडे मात्र त्यानंतरच वळावे. तिथे ‘पेर’चे चिन्ह इतरत्रच्या ‘प्रो’सारखे (pro) दिसते आणि उघड्या माथ्याचा ‘अ’ (a) हा ‘उ’ (u) भासतो, त्यामुळे एका प्रदेशाचे कोष्टक दुसरीकडे चालवले की अर्थच फिरतो. (मोडीची वळणे वाचलेल्यांना हे फारसे नवे वाटणार नाही.)

पाठभेदांची, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतील मजकुराच्या फरकांची, तुलना करताना ‘मूळ पाठ’ शोधण्याचा मोह होतो. या ग्रंथापुरता तो आवरावा. ग्रंथ पूर्ण होण्याआधीच त्याचा काही भाग स्पेनचा व्हिसिगॉथ राजा सिसेबुत याला अर्पण केला गेला होता, आणि सारागोसाचा ब्राउलिओ (इसिडोरचा शिष्य व पुढे तिथला बिशप) याने इसिडोरला पत्रातून तक्रार केली होती की अनेकांच्या हाती छिन्नविच्छिन्न प्रती आहेत. पुढे संस्करणासाठी ग्रंथ ब्राउलिओकडेच आला. म्हणजे लेखकाच्या हयातीतच एकाहून अधिक रूपे फिरत होती आणि नंतरच्या लेखनिकांनी ती एकमेकांत मिसळली. म्हणून प्रबंधासाठी एकच भाग आणि मोजक्याच प्रती निवडाव्यात. पॅरिसहून १९८१पासून निघणारी चिकित्सक आवृत्तीही भागवार, वेगवेगळ्या संपादकांकडूनच सिद्ध होत आली आहे.

मजकुराइतकेच चर्मपत्रही वाचावे. जर्मनीतील वोल्फेनब्युटेल येथील ‘वाइसेनबुर्ग ६४’ ही आठव्या शतकातील प्रत इटलीतील बोब्बिओच्या मठात जुनी पाने खरवडून त्यांवर लिहिली गेली, आणि त्या खालच्या थरात बायबलच्या दुर्मिळ गॉथिक (एक लुप्त जर्मानिक भाषा) अनुवादाचा काही अंश सापडला. समासातील टीपा, पानांच्या जुड्या आणि बांधणी यांची नोंद पहिल्याच वाचनात करावी. ग्रंथसूचीच्या नोकरीत नेमके हेच काम पडते, आणि त्यासाठी लॅटिनच्या बरोबरीने वाचण्यापुरते जर्मन लागते, कारण जर्मनभाषक प्रदेशांतील बऱ्याचशा प्रतींची तपशीलवार वर्णने त्याच भाषेत आहेत.