हवा-पाणी तपासणीत नव्याने उतरताना

या कामात नवीन येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "सेन्सर कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी वस्तीत जाऊन बसा. रात्रीचा उग्र वास, नळाचं पिवळसर पाणी, पोरांचा न थांबणारा खोकला, यातलं लोकांना सगळ्यात जास्त काय सतावतंय ते कळलं की काय, कुठे आणि कधी मोजायचं हे ठरवणं सोपं जातं.

एका वस्तीत एक काकू वास आला की वहीत वेळ लिहायच्या आणि दोरीवरचे कपडे कोणत्या बाजूला उडतायत तेही टिपायच्या. काही आठवड्यांत दिसलं की वास एकाच बाजूच्या वाऱ्याबरोबर येतो. सेन्सर कुठे लावायचा यावर मग वाद उरला नाही.

स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरणारा लेझरचा प्रकाश मोजून पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा, अंदाज देतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा चढतो. म्हणून सेन्सर आधी हवा मोजणाऱ्या अधिकृत केंद्राशेजारी काही दिवस ठेवून फरक काढा, आणि तो का पडतो हे रहिवाशांनाही समजावून सांगा. नाहीतर धुक्याच्या सकाळी उगाच घबराट पसरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची पीएम २.५ची मर्यादा वार्षिक सरासरीसाठी ५ आणि २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. तासाभराचा आकडा वार्षिक मर्यादेशी ताडू नका.

पाण्याच्या बाबतीत टीडीएस मीटरवर लोकांचा फार भरवसा असतो. त्याला विरघळलेले क्षार कळतात, जंतू नाहीत. जंतूंसाठी निर्जंतुक बाटलीच हवी, आणि पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असावं. नाहीतर क्लोरीनमुळे प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वाटेतच जंतू मरतात आणि घाण पाणी कागदावर शुद्ध ठरतं. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

शिशाची तऱ्हा वेगळी. ते पाइपातून साचलेल्या पाण्यात उतरतं. नळ निदान सहा तास बंद ठेवून पहिल्या धारेचं पाणी घ्यायचं. अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये अधिकृत तपासणीच्या सूचनेत आदल्या रात्री नळ थोडा वेळ वाहू द्यायला सांगितलं होतं, त्यामुळे शिसं कमी दिसायचं. २०१५मध्ये रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांसोबत घरोघरचे नमुने गोळा केले, तेव्हा खरं चित्र पुढे आलं. नमुना कसा घेतला हे आकड्याइतक्याच काळजीने लिहून ठेवा, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो.

निकाल आधी नमुना देणाऱ्याच्या हाती द्यायचे. ज्यांचं पाणी दूषित निघालं त्यांना सभेत कळू देऊ नका. आधी घरी जाऊन सांगा आणि आता काय करायचं तेही सांगा. नुसते जंतू असतील तर पाणी उकळून प्यायला चालतं. शिसं किंवा नायट्रेट असेल तर उकळू नका म्हणून बजावा. पाणी आटतं, तसं त्यांचं प्रमाण वाढतं.