कोबुर्ग-गोथाचं १८७२ चं २० मार्क सोन्याचं नाणं घेताय? या चुका टाळा

जर्मन साम्राज्यातली २० मार्कची सोन्याची नाणी तशी बाजारात भरपूर आहेत, प्रशियाची तर सहज मिळतात, पण साक्स-कोबुर्ग-गोथा या छोट्याशा राज्याचं १८७२ चं नाणं फक्त १००० पाडलं होतं, म्हणून भाव चढा आणि फसवाफसवीही तितकीच. त्यावरचा ड्यूक एर्न्स्ट दुसरा म्हणजे आपल्या जुन्या चांदीच्या रुपयावर दिसणाऱ्या व्हिक्टोरिया राणीचा थोरला दीर.

सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा. एर्न्स्ट वाचलं की लोक खूश होतात, पण साक्स-आल्टेनबुर्गचा ड्यूकही एर्न्स्टच, त्याचं नाणं १८८७ चं, तेव्हा राज्याचं नाव शेवटपर्यंत वाचा. कोबुर्गचं स्वतःचं १८८६ चं नाणंही आहे, ते २०,००० पाडलेलं, बर्लिनच्या टांकसाळीचं, म्हणून चेहऱ्याखाली त्या टांकसाळीची खूण, ए (A) हे अक्षर. १८७२ चं ड्रेस्डेनच्या टांकसाळीतलं, तिथे ई (E) हवं. मागची बाजू तर बघाच बघा. १८७३ पर्यंत २० च्या पुढे नुसतं एम आणि टिंब असायचं, मार्क हा पूर्ण शब्द १८७४ पासून आला. साल १८७२ आणि मागे पूर्ण मार्क दिसला तर सरळ परत द्या, घासाघीस पण करू नका.

चुंबक लावून खात्री होत नाही, पितळही चिकटत नाही. वजन ७.९६५ ग्रॅम, व्यास २२.५ मिमी, सोनं ९० टक्के. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवा, आकडा ०.४६ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. पण खऱ्या सोन्यात पाडलेल्या नकला यातून सुटतात, त्यामुळे भिंगाने कडेवरची "गॉट मिट उन्स" (GOTT MIT UNS, म्हणजे देव आमच्यासोबत) ही अक्षरं तपासा, आणि वरच्या टोकाला कड घासलेली वाटली तर गळ्यात घालायची कडी लावून काढलेली असू शकते, किंमत बरीच पडते.

आणि प्लीज, चिंच, रिठा, सोनाराकडचं पॉलिश काहीही नको! लालसर डाग दिसले म्हणून घाबरू नका, सोन्यात तांबं मिसळलेलं असतं त्याचे असतात ते, तसेच राहू द्या. ग्रेडिंगच्या डबीत (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने सीलबंद केलेल्या) विकत घेत असाल तर डबीवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी, ओरखड्यांसकट, जुळवून मगच पैसे द्या.