नाग नदीच्या पाण्यावर गहू पेरताना डीएपीचा हिशेब

नाग नदीकाठी, नागपूरच्या पूर्वेला, सांडपाण्यावर गहू घेणाऱ्यांनी पेरणीआधी डीएपी या स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताचा एक हिशेब करावा. पाण्यात स्फुरद असतोच. साध्या जैविक प्रक्रियेत घाण कमी होते, पण स्फुरदासाठी वेगळी प्रक्रिया नसेल तर त्याचा बराच भाग पाण्यातच राहतो. तोच पुढे कन्हान, वैनगंगेत जाऊन जलपर्णी पोसतो. तो वावरात अडवला तर खत वाचते आणि नदीही.

पाण्याच्या एका पाळीत एकरी 5 सेंमी पाणी म्हणजे साधारण 200 घनमीटर. लिटरला 5 मिलिग्रॅम स्फुरद धरला, तर पाळीला 1 किलो मूलद्रव्य, म्हणजे खताच्या हिशेबातला 2.3 किलो पी2ओ5 (स्फुरदाचे ऑक्साइड रूप). पाच पाळ्यांत साडेअकरा किलो, अर्ध्या पोत्या डीएपीएवढे.

हा आकडा तुमच्या पाण्याचा हवा. पंपाच्या फुटव्हॉल्व्हजवळून (पाणी ओढणाऱ्या तोंडाजवळून) सकाळी व संध्याकाळी नमुना घेऊन एकत्र करा. बाटली डिटर्जंटने धुऊ नका, त्यात फॉस्फेट असू शकते. बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशीच्या आत प्रयोगशाळेत द्या. अहवालात 'फॉस्फेट' लिहिले असेल तर आकडा 3.07 ने भागा, तेव्हा मूलद्रव्य स्फुरद मिळतो. इथेच सर्वाधिक घोळ होतो: हिशेब तिप्पट फुगतो आणि गव्हाला खत कमी पडते.

मातीचीही चाचणी करा. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला स्फुरद मोजण्याची ओल्सेन पद्धतच लागू पडते. स्फुरद हेक्टरी 25 किलोपेक्षा जास्त निघाला तर पेरणीला एकरी 25 किलो डीएपी पुरे. कमी निघाला तर शिफारशीचा डोस कापू नका. पेरणीचे खत पूर्ण बंद तर कोणत्याच वावरात करू नये. पाण्यातला स्फुरद पाळीपाळीने येतो आणि मुळांना त्याची गरज पहिल्या तीन आठवड्यांत असते. शिवाय चुना त्याला धरून ठेवतो, म्हणून डीएपी वरून फेकून देऊ नका, दुचाडी पाभरीने (बी आणि खत एकदम पेरणाऱ्या) बियाण्याखाली पेरून द्या.

नत्राकडे (नायट्रोजनकडे) दुर्लक्ष केले तर गहू लोळतो. लिटरला 30 मिलिग्रॅम नत्र असलेल्या पाण्याच्या पाच पाळ्या म्हणजे एकरी 30 किलो नत्र, सुमारे 65 किलो युरिया. वरखताचा युरिया तेवढ्या प्रमाणात कमी करा. स्फुरद वर्षानुवर्षे साठलेल्या वावरात जस्ताची कमतरता दिसते. पाने मधोमध फिकट पडतात, वाढ खुंटते. माती चाचणीत जस्त कमी असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या, पण डीएपीत मिसळून नको.

पाणी वावरात सारे (लांब पट्टे) पाडून त्यांतूनच द्या. तुषार सिंचन नको, रोगजंतू हवेत उडतात. ठिबकची तोंडे बुजतात. खालच्या टोकाला धुरा (बांध) घाला, म्हणजे जास्तीचे पाणी परत नदीत जाणार नाही. पंपाजवळ गाळ बसायला छोटा खड्डा ठेवला तर गाळासोबत स्फुरदही मिळतो. तो गाळ उन्हात वाळवून शेणखताबरोबर कुजवा, कच्चा टाकू नका. कापणीआधी दोन आठवडे पाणी बंद करा.

पालक, मेथी, कोथिंबीर या पाण्यावर घेऊ नका. कारखान्यांचे पाणी मिसळणाऱ्या नाल्यावर आधी जड धातूंची तपासणी करा. अहवाल वाईट आला तर तिथे खताची बचत शोधूच नये.