मोठे झुलते शिल्प: तोल खालून वर, आधार वरून खाली

छताला टांगलेले आणि हवेच्या झुळकीने संथ फिरणारे मोठे शिल्प करायला घेतले की बहुतेकजण आधी पानांचे, म्हणजे आडव्या दांड्यांच्या टोकांना लटकणाऱ्या पत्र्याच्या पात्यांचे, आकार कागदावर काढतात. माझे मत असे की पहिली नजर छताकडे जावी. कोणती तुळई किंवा स्लॅब किती भार पेलेल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेला हुक दिसायला कितीही भक्कम असला तरी तो आधार नव्हे. त्याच वेळी एसीचे झरोके, स्प्रिंकलर, दिवे आणि जवळचे कठडे यांची मापे घ्यावीत. प्रत्येक दांडी गोल फिरणार असल्यामुळे शिल्पाला लागणारी जागा चित्रातल्या रुंदीवरून ठरत नाही. सर्व दांड्या एकाच दिशेला रांगेत आल्यावर टोकाचे पान जेवढे वर्तुळ आखील, तेवढी जागा मोकळी असावी लागते.

मोठ्या आकारात खरा प्रश्न वजनाचा असतो. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर हा शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि त्याच्या अशा शिल्पांना फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँ याने १९३१ मध्ये ‘मोबाइल’ हे नाव दिले. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये १९७७ साली टांगलेले त्याचे शिल्प सुमारे २३ मीटर रुंद असूनही जेमतेम ४१७ किलोचे आहे, कारण त्याची पाती भरीव पोलादाऐवजी मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ अ‍ॅल्युमिनियमची केली गेली. साधा हिशोब पाहा: २ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ५.४ किलो भरते, तर तेवढ्याच पोलादी पत्र्याचे १५.७ किलो. पाती हलकी असतील तरच साध्या वाऱ्यावर शिल्प हलते.

एकास दहा प्रमाणाचा नमुना जरूर करावा, पण त्यावरून आकार आणि हालचाल तेवढीच पाहावी. पत्र्याची जाडी दहापट होत नाही, त्यामुळे नमुन्यातल्या टांगणीच्या जागा प्रत्यक्षात जुळत नाहीत. त्या जागा खरे भाग वजनकाट्यावर ठेवूनच काढाव्या लागतात, आणि तेही रंगकाम पूर्ण झाल्यावर. मोठ्या पात्यावरच्या रंगाचे वजन तोल ढळवण्याइतके असते.

तोल साधायचा तो सर्वांत खालच्या दांडीपासून. समजा, २ मीटर लांबीच्या दांडीच्या एका टोकाला दीड किलोचे पान आहे आणि दुसऱ्या टोकाला आधीच तोललेली ६ किलोची फांदी, म्हणजे खालची दांडी तिच्या पानांसकट. वजन गुणिले अंतर दोन्ही बाजूंना सारखे हवे, म्हणून टांगणीचा बिंदू जड टोकापासून ४० सेंटीमीटरवर येतो. मात्र दांडी स्वतः अर्ध्या किलोची असेल तर तोच बिंदू ४३.७५ सेंटीमीटरवर जातो. म्हणजे दांडीचे वजन विसरल्यास पावणेचार सेंटीमीटरची चूक होते आणि पान धाडकन खाली येते. म्हणून टांगणीचे कडे आधी सरकते ठेवावे. ते बोटाच्या पेराएवढे सरकवावे, हात सोडावा, दांडी स्थिरावेपर्यंत थांबावे आणि मगच पुन्हा हात लावावा. दांडीला टांगणीपाशी किंचित वर बाक द्यावा, म्हणजे दोन्ही टोके टांगणीच्या पातळीखाली राहतात आणि कलंडलेली दांडी आपोआप परत येते. अगदी सरळ दांडीवर टांगणी आणि दोन्ही टोके एकाच रेषेत आली तर ती कलेल तिथेच थांबते. बाक फार खोल केला तर दांडी ताठर वाटते आणि वर-खाली डोलायची थांबते. हे प्रमाण हातानेच समजते.

टांगणीच्या प्रत्येक सांध्याची क्षमता प्रत्यक्ष भाराच्या किमान दहापट असावी असे मी मानतो, कारण खाली माणसे उभी असतात. मुख्य टांगणीला बॉल बेअरिंगची फिरकी, म्हणजे दोराला पीळ न देता फिरू देणारा सांधा, वापरावी. फिरकीला समांतर सुरक्षा-दोर बांधला तर तो पीळ खातो आणि फिरणे अडवतो. म्हणून दुहेरी आधार फिरकीच्या वर द्यावा आणि फिरकी मात्र बरीच जास्त क्षमतेची निवडावी. तारदोराची टोके योग्य मापाच्या फेरूलने (दोरावर दाबून बसवायच्या धातूच्या नळीने) व योग्य अवजाराने दाबावीत, पक्कडीने नव्हे.

बसवताना क्रम उलटा होतो. खालची जागा अडवून सर्वांत वरची दांडी कप्पीने छातीच्या उंचीवर धरावी, फांद्या एकेक करून जोडाव्यात आणि जोडणीगणिक थोडे वर घ्यावे. ज्या टोकाला फांदी अजून यायची आहे, तिथे तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधावी. पिशवीचा भार फांदीने पूर्ण घेतल्यावरच ती सोडावी. शेवटी एसी सुरू करून काही तास निरीक्षण करावे. झोताच्या तोंडाशी असलेले पान एकसारखे गरगरत राहिले, तर झरोक्याची पाती वळवावी. त्यानंतर सरकती कडी घट्ट करून प्रत्येक टांगणीची जागा नोंदवून ठेवावी आणि वर्षातून एकदा शिडीवर चढून कड्यांच्या आतल्या बाजूला बोट फिरवावे, कारण झीज प्रथम तिथेच लागते.